मामांनी हात वर केल्याशिवाय

आमच्या बहरीनच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतली दोन माणसं आता कुठेही भेटली, नगरला लग्नात म्हणा की पुण्याला दवाखान्यात, की आधी ‘सलाम’ होतो, मग एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते, आणि चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतं, “तो हिवाळा आठवतो का?” झालं! मग चहा निवतो. हे किस्से आम्ही मुद्दाम जमवलेले नाहीत. बिस्किटांचे रिकामे डबे घरात कसे आपोआप साठतात आणि टाकवत नाहीत, तसं ते झालंय. अशोकचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं असं की मी दर वेळी थोडं मीठ वाढवते. वाढवते. अळणी त्यालाही आवडत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मीना सलमान बंदरावर एका गोदामाच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि अशोक शेजारच्याच वर्कशॉपमध्ये. मुलगी ग्रेस, दुसरीत. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारी. मनामात चर्चचं आवार एक आणि भाषा पाच-सहा, त्यामुळे प्रत्येक मंडळीला हॉलचा ठरलेला तास. आमच्या आधी तमिळ, आमच्यानंतर फिलिपिनो. किल्ल्या आणि टाइमटेबल वर्गीसकडे. हा केरळचा माणूस वाईट नव्हता, पण तास संपला की दारावर किल्लीने टकटक करायचा. ती टकटक मला अजून कधीकधी ऐकू येते.

*

आमच्या मंडळीला पाळक, म्हणजे पाद्री, नव्हता. दानिएल मामा होते. हे नगरकडचे, अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीवर शिफ्ट ड्यूटी करायचे आणि शुक्रवारी उपासना चालवायचे. मंडळी त्यांनीच आपल्या खोलीत चार माणसं घेऊन सुरू केली होती.

आमच्यात एक खोड होती. वेळेवर कुणी येत नसे. भट्टीवर कामाला असलेल्या अस्करच्या पोरांची मिनीबस तर कधीच नाही. मामांनी त्यावर उपाय काढला होता. पहिलं गीत सुरू करायचं आणि माणसं जमेपर्यंत थांबवायचं नाही. कडवी संपली की पुन्हा पहिल्यापासून. पास्कूभाऊ पेटीवर, अशोक ढोलकीवर. मामा गीत धरून द्यायचे, मग स्वतः फाटकापर्यंत जायचे, बस दिसते का बघायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. पुरेशी डोकी दिसली की पुढे उभं राहून उजवा हात वर करायचे. हात वर झाला की गीत बंद. त्याआधी थांबवायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

एकदा बस वाटेत बंद पडली आणि गीत इतकं लांबलं की वर्गीस दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “सब लोग का इतना गाना है. तुम लोग का एकही है क्या?”

मामा म्हणाले, “एकही है. लेकिन पुरता है.”

*

आता तो हिवाळा. बहरीनमध्ये थंडी पडते हे गावाकडे कुणाला सांगून पटत नाही. समुद्रावरचा वारा सुटला की हाडात शिरतो. आणि आखातात जाताना बॅगेत स्वेटर कोण भरतं? वर्षभर आम्ही त्या हॉलमध्ये एसीसाठी प्रार्थना केली, आणि त्या वर्षी नाताळानंतर सगळ्यांचे दात वाजायला लागले. माणसं घटायला लागली. एका शुक्रवारी हॉलमध्ये खुर्च्याच जास्त दिसल्या. मला जागेवर बसवेना. एरवीही मी लांब प्रार्थनेत डोळे उघडून मोजदाद करणारी बाई आहे.

पास्कूभाऊ वसईचे, मुहर्रकला विमानतळावर कार्गोत कामाला. आम्ही नगरचे त्यांच्याहून वेगळ्या चर्चचे, पण मराठीत गायला मिळतं म्हणून ते आमच्यात यायचे. पुढच्या शुक्रवारी ते विमानातल्या ब्लँकेटांचा गठ्ठाच घेऊन आले. जुनी म्हणून काढून टाकलेली, सगळी एकाच निळ्या रंगाची. एकेक सगळ्यांना वाटली. आम्ही ती खांद्यावरून घेऊन ओळीने बसलो, पुढे मामा उभे राहिले आणि म्हणाले, “आपण डोळे मिटू या.”

त्या शांततेत ग्रेसने विचारलं, “ममी, व्हेन आर वी लँडिंग?”

मामांनी ती प्रार्थना पुरी केली नाही. तोंड फिरवून उभे होते, खांदे हलत होते. आम्हाला वाटलं हसताहेत.

*

हसत नव्हते, हे नंतर कळलं. त्याच आठवड्यात कंपनीने त्यांच्या हातात कागद दिला होता. व्हिसा वाढवणार नाही, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. अस्करच्या पोरांनी मला सांगितलं, मामांनी नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, “जायाचं तर सगळ्यांनाच हाय. थंडी जाऊ दे आधी.”

मग पाऊस आला. बहरीनचा पाऊस वर्षातून दोन-चार दिवस येतो आणि कुणाचीच तयारी नसते. रस्त्याला गटारं नाहीत, घराला उतार नाही. आमच्या हॉलचं छप्पर ठिकठिकाणी गळायला लागलं. मी चहाची प्रमुख, त्यामुळे भांडी माझ्या ताब्यात. मोठं पातेलं, छोटं पातेलं, गाळणीखालचा टोप, सगळं गळतीखाली लावलं. तुम्हाला सांगते, मला माझाच अभिमान वाटला.

उपासना झाली आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. मी पातेल्याकडे बोट दाखवलं. त्यात पावसाचं पाणी.

पुढच्या शुक्रवारी माणसं आणखी कमी. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, “पावसाला भिऊन कुणी ऱ्हायलं नाय, शालिनी. च्या नव्हता म्हणून ऱ्हायले.” मी रागाने दोन थर्मास विकत घेतले. ते अजून घरात आहेत.

*

आणि नेमकं त्याच सुमारास वर्गीसने मामांना बाजूला घेतलं. फिलिपिनो मंडळी हॉलमध्ये मावत नव्हती, अर्धी बाहेर वाऱ्यात उभी राहायची. त्यांना दोन तास हवे होते. “तुम्हारा आदमी किधर है?” वर्गीस म्हणाला. “नया टाइमटेबल बनाना है. लेंट का पहला फ्रायडे मैं खुद आके देखेगा. हॉल खाली दिखा तो टाइम उनको देना पडेगा. मेरे को भी ऊपर जवाब देना है.”

लेंट म्हणजे आमचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. त्याचा पहिला शुक्रवार जेमतेम महिन्यावर होता.

मामांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाले, “माझ्यामागं बहरीनची मराठी मंडळी बंद पडली, एवढं फक्त गावाकडं मला सांगाया लावू नका.”

त्या दिवसापासून त्यांचं लक्ष ठिकाणावर नसे. गीत धरून द्यायचे आणि फाटकाकडे चालू लागायचे. पहिल्या कडव्यालाच. त्यात त्या हिवाळ्यात तिथे सरकारविरुद्ध निदर्शनं चालली होती, अधूनमधून रस्ते अडवलेले असायचे आणि बसला वळसा पडायचा. मामा कॉलर वर करून वाऱ्यात उभे. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, “शालिनी, तू आत जा. गाणाऱ्यांतला एक आवाज कमी होतोय.”

माझा आवाज कसा आहे हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी आत गेले आणि गायले.

*

मामांच्या डोक्यात एक होतं. जायच्या आधी राखेचा बुधवार सगळ्यांनी एकत्र करायचा. आम्ही नगरचे फक्त प्रार्थना करायचो, पास्कूभाऊंच्या वसईकडे कपाळाला राख लावतात. मामा म्हणाले, “या वर्षी लावू. माझं काय बिघडतंय?” पोरांना निरोप द्यायचं काम अशोककडे आलं.

आता अशोक हा डोक्याने विचार करणारा माणूस आहे, हीच अडचण आहे. त्याने हिशेब केला. आपला रविवार दोन दिवस आधी, शुक्रवारी येतो. मग आपला बुधवारही दोन दिवस आधी येणार. त्याने अस्करला फोन करून सांगितलं, “सोमवारी संध्याकाळी माझ्या घरी. दिवसभर उपवास.”

सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर जिन्यात पोरं ओळीने उभी. अंघोळी करून, केस विंचरून, उपाशी. रमजानचा शेवटचा दिवस होता, कंपनीचं कँटीन दिवसा तसंही बंदच, त्यामुळे पोरांचा उपवास कुणाच्या लक्षातही आला नव्हता. मी मामांना फोन केला. मामा आले, सगळं ऐकलं, अशोककडे वळले.

“आरं, मग गुड फ्रायडे तू बुधवारी करणार का?”

अशोकने खरोखर विचार केला. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या हमीदाभाभी इफ्तारचं ताट घेऊन वर आल्या. या रत्नागिरीच्या. त्यांचे मिस्टर बाजारात कपड्याचा धंदा करायचे. रमजानभर रोज त्यांच्याकडून आमच्याकडे ताट यायचं. दारात एवढी पोरं बघून त्या काही न विचारता खाली गेल्या आणि घरातलं होतं नव्हतं ते घेऊन आल्या. बांग झाली, पोरं भज्यांवर तुटून पडली. मामांनी मग छोटी प्रार्थना केली आणि सांगितलं, “आता बुधवारी पुन्यांदा उपवास.”

मागून एक पोरगा म्हणाला, “मामा, उद्या जेवायचं का?”

“जेव बाबा,” मामा म्हणाले. “उद्या ईद हाय.”

*

बुधवारी सकाळी पास्कूभाऊ राख करायला बसले. रीत अशी, की मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या सणाला हातात धरलेल्या झावळ्या जपून ठेवायच्या आणि त्याच जाळून राख करायची. पास्कूभाऊंनी वर्षभर त्या पलंगाखाली ठेवल्या होत्या. ते मुहर्रकला एका जुन्या घरात वरच्या खोलीत राहायचे, खाली म्हातारे घरमालक. गच्चीवर त्यांनी पत्र्याच्या ताटलीत झावळ्या जाळल्या, राख छान पडली, आणि काडेपेटी ठेवायला आत वळले तेवढ्यात वारा आला.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला घरमालकांचे ईदचे पांढरे झगे वाळत होते.

पास्कूभाऊ हातात ताटली घेऊन तसेच खाली गेले आणि माफी मागितली. म्हातारे वर आले. झग्यांवरची राख बघितली, ताटलीच्या कोपऱ्यात उरलेली चिमूटभर बघितली. “ईद में सब नया कपडा पहनता है. तू राख बनाता है?”

“बाबा, हमारा रोजा आज से चालू होता है,” पास्कूभाऊ म्हणाले.

म्हाताऱ्यांनी झगे झटकले. “अच्छा है. हमारा खलास. अब तुम पकडो.”

*

इकडे दुपारी हमीदाभाभी ईदची बिर्याणी घेऊन माझ्या दारात. काल आम्ही नव्हतो, म्हणून आज. मी म्हटलं, “भाभी, आज आमचा उपवास.”

“परवा पण उपवासच होता ना तुमचा?”

“तो चुकून झाला.”

त्यांनी चुकून झालेला उपवास कधी ऐकला नव्हता. पण त्या तशा सहज मागे हटणाऱ्या नव्हत्या. “बरं. आमचा मगरिबला, सूर्य बुडला की सुटतो. तुमचा कवा सुटतो?”

इतकी वर्षं उपवास केले, पण ते नक्की कधी सुटतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी संध्याकाळी सोडायचं, कुणी भूक लागली की. मी म्हटलं, “तसं काही ठरलेलं नाही.”

“असा कसा चालेल?” हमीदाभाभी म्हणाल्या. “वेळ नाय तर माणसान् धीर कशाच्या जोरावर धरायचा?” त्या बिर्याणी परत घेऊन गेल्या, कारण मटण आम्हाला चालणार नव्हतं, आणि दुधातल्या शेवयांचं मोठं पातेलं आणून माझ्या हातात दिलं. “मगरिबची बांग झाली की सगळ्यांनी खायचा. आधी नाय.”

पातेलं मांडीवर घेऊन मी टॅक्सीने मुहर्रकला गेले. मामांचं उद्याचं तिकीट होतं. कंपनीने एक आठवडा मागूनही दिला नव्हता. पास्कूभाऊंच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो. राख चिमूटभर, त्यात तेलाचा थेंब. मामांनी एकेकाच्या कपाळाला बोट लावलं. पुरावी म्हणून इतकी थोडी, की दिसतही नव्हती. शेवटी स्वतःसाठी उरली नाही, तर रिकामं बोट कपाळाला टेकवलं. मला तेव्हा फार रडू आलं.

मग खिडकीतून बांग ऐकू आली आणि आम्ही शेवया खाल्ल्या. मामांना मी हमीदाभाभींचा निरोप सांगितला होता. ते वाटी चाटूनपुसून म्हणाले, “बरं झालं. बाईनं वेळ तरी ठरवून दिली.” तेव्हापासून आमच्या घरातला उपवास मगरिबलाच सुटतो. नगरला आल्यावरसुद्धा.

*

विमानतळावर मामांनी कुणाला उपदेश केला नाही. त्यांची बॅग वजनात बसत नव्हती, तर त्यांनी एक निळं ब्लँकेट काढून अंगावर घेतलं. अशोकला म्हणाले, “उद्या प्रवचन तू कर.” मला म्हणाले, “च्या कर.” आणि सगळ्यांना म्हणाले, “पयलं गीत वेळेवर धरा. वर्गीस येणार हाय.” आत जाईपर्यंत चार वेळा मागे वळून बघितलं. आमच्याकडे नाही, काचेबाहेरच्या रस्त्याकडे. सवय.

*

तर तो शुक्रवार. सकाळपासून वारा आणि बारीक पाऊस. हॉलमध्ये आम्ही मोजकेच होतो आणि बाकी खुर्च्या. वर्गीस आधीच येऊन मागच्या भिंतीला टेकून उभा होता, हातात किल्ल्या. अस्करच्या बसचा पत्ता नाही. अशोक प्रवचनाचे कागद खिशात घालून ढोलकीवर बसला. पास्कूभाऊंनी पेटीवर सूर धरला आणि आम्ही वेळेवर पहिलं गीत सुरू केलं.

कडवी संपली. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून धरलं.

दुसऱ्यांदा संपल्यावर पास्कूभाऊंनी अशोककडे बघितलं आणि अशोकने माझ्याकडे. हात वर करायला हवा होता. तो कुणी करायचा? अशोकचे दोन्ही हात ढोलकीवर होते, पण ते कारण नव्हतं. माझे मोकळे होते. माझ्या मनात एकच भीती होती, की हे आता थांबलं तर थांबलंच. मी गात राहिले, माझ्या त्या आवाजात. बाकीचेही गात राहिले.

मग दार उघडलं. थंडी पडल्यापासून न आलेलं एक कुटुंब आत आलं. गीत चालूच आहे बघून त्यांच्या चेहऱ्यावर हायसं दिसलं, कारण पहिलं गीत चालू म्हणजे उशीर झालेला नाही. ते बसले आणि गायला लागले. मग आणखी कोण कोण. मग कधीतरी अस्करची बस आली. पोरं भिजलेली, वाटेत रस्ता बंद, मोठा वळसा घेऊन आलेली. त्यातला एकजण सवयीने दारातच म्हणाला, “मामा, सॉरी,” आणि मग मागच्या ओळीत जाऊन उभा राहिला. खुर्च्या संपल्या. वर्गीस सुरुवातीला बोटाने डोकी मोजत होता. नंतर तो मोजत नव्हता.

गीत थांबेना. अशोकचं प्रवचन खिशात राहिलं, ते अजून त्याच्या पोटात आहे. माझा चहा थर्मासमध्ये. आमचा तास संपला आणि टकटक झाली नाही, कारण टकटक करणारा आतच उभा होता. बाहेर पावसात थांबलेली फिलिपिनो मंडळी दारातून आत आली, भिंतीला लागून उभी राहिली आणि शब्द येत नसतानाही टाळ्यांचा ठेका धरला. आम्ही पुन्हा पहिल्या कडव्यावर आलो. पास्कूभाऊंचे डोळे मिटलेले होते. दाराकडे आता कुणी बघत नव्हतं.

तेव्हा वर्गीस भिंत सोडून पुढे आला. खुर्च्यांमधून वाट काढत, मामा जिथे उभे राहायचे तिथे जाऊन उभा राहिला. किल्ल्या डाव्या हातात घेतल्या आणि उजवा हात वर केला.

गीत तिथल्या तिथे थांबलं.

इतकी शांतता होईल असं त्यालाही वाटलं नसावं. तो हात तसाच वर धरून आमच्याकडे बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, “अगले फ्रायडे से टाइम पे खतम करने का. हर फ्रायडे मैं हात ऊपर करने को नहीं आएगा.”